तमाशा-संगीतातील ‘ऱ्हास’ ही कल्पना : एक ऐतिहासिक चिकित्सा (विशेष संदर्भ : जुन्नर-आंबेगाव परिसर)

प्रस्तावना

‘तमाशा आता पूर्वीसारखा राहिला नाही’ हे विधान मंचर ते नारायणगाव या पट्ट्यातील कोणत्याही गावच्या पारावर ऐकावयास मिळते. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे गावही त्यास अपवाद नाही. चैत्र लागला, ग्रामदैवताच्या यात्रेची वर्गणी गोळा होऊ लागली, की या विधानास विशेष जोर चढतो. पूर्वी ढोलकी बोलत असे, वग उजाडेपर्यंत चालत असे, गवळणीला मान होता; आता नुसता गोंगाट उरला आहे, असे जाणती माणसे सांगतात. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नाही. काहीतरी हरवले आहे, ही त्यांची जाणीव खरी आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक अडचण जाणवते. हेच विधान, केवळ नावे बदलून, मागील दीड-दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा केले गेले आहे, आणि ज्या काळास आज आपण सुवर्णकाळ म्हणतो त्या काळातही ते तितक्याच खेदाने केले जात होते.

तमाशा खालावला की नाही याचा निवाडा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. खालावला असे म्हणताना तुलना कोणत्या काळाशी केली जाते, ती कोण करते आणि त्या तुलनेची किंमत कोणास मोजावी लागली, हे तपासणे हा हेतू आहे. ऱ्हासाची ही कल्पना कलेच्या बदलाविषयी जितके सांगते त्याहून अधिक ती लपविते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. कलावंताच्या पोटावर आलेले संकट तीत कलावंताच्या अभिरुचीचा दोष म्हणून मांडले जाते, आणि मग संकटाची खरी कारणे शोधण्याची गरजच कोणास भासत नाही.

कल्पनेची पूर्वपीठिका

संगीत बिघडले ही तक्रार संगीताइतकीच जुनी असावी. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या ‘लॉज’ या अखेरच्या ग्रंथात अथेन्सच्या अधोगतीचे मूळ संगीतात शोधले. कवींनी गानप्रकारांची सरमिसळ केली, श्रोते स्वतःस पारखी समजू लागले आणि तेथून कायद्याविषयीचा आदर सुटला, अशी त्याची मांडणी आहे. आपल्याकडे कलियुगाची कल्पना होतीच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात मार्गी आणि देशी असा भेद आहे. मार्गी म्हणजे देवादिकांनी शोधलेले व नियमबद्ध, देशी म्हणजे त्या त्या प्रदेशातील लोकांच्या मनास रुचणारे. शार्ङ्गदेव देशी संगीताचे अत्यंत बारकाईने वर्णन करतो, हे विसरून चालणार नाही. परंतु आदर्शाचे स्थान भूतकाळात आणि देवलोकात ठेवण्याची रीत या भेदातच दिसून येते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या जुन्या रीतीस नवे बळ मिळाले. सर विल्यम जोन्स यांनी हिंदूंच्या रागपद्धतीवरील आपला निबंध १७८४ मध्ये लिहिला व तो १७९२ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत ग्रंथांत संगीताचे शास्त्र टिकून आहे, पण प्रत्यक्ष प्रयोग जवळजवळ लुप्त झाला आहे, असा त्याचा आशय होता. ज्या वर्षी जोन्स हे लिहीत होते त्या वर्षी संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) चाळिशीत होते आणि सोलापूरचे राम जोशी (१७६२–१८१२) बावीस वर्षांचे होते. मराठी मुलुखात डफ, तुणतुणे आणि ढोलकी यांच्या साथीने फड रंगत होते. ज्या प्रयोगास जोन्स लुप्त म्हणत होते तो चौकाचौकांत चालू होता. मात्र ग्रंथावरून संगीत ओळखणाऱ्यास तो ‘संगीत’ म्हणून दिसणे शक्य नव्हते. मला हे उदाहरण फार बोलके वाटते, कारण पुढील सर्व ऱ्हासकथांचा साचा यात आहे. आधी ‘खरे’ कोणते ते ठरवावयाचे, ते समोर नाही असे पाहावयाचे आणि जे समोर आहे त्यास पडझड म्हणावयाचे.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे कार्य अर्थातच याहून कितीतरी मोठे. १९१६ मध्ये बडोदे येथील पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाचा आढावा घेतला. प्राचीन ग्रंथ आणि चालू गायकी यांचा सांधा तुटला आहे हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले व चालू गायकी हीच शास्त्राचा आधार मानून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली. परंतु परंपरेचे जतन करणारे उस्ताद व गायिका अशिक्षित असल्याने विद्या धोक्यात आली, हा त्या काळच्या सुधारकांचा समान सूर होता. विद्या वाचवावयाची तर ती तिच्या वाहकांपासून सोडविली पाहिजे, अशी ती भूमिका. संगीतात ती विद्यालये काढून अमलात आली. तमाशाच्या वाट्यास विद्यालय आले नाही, बंदी आली. तो भाग पुढे येईल.

पोवाडा चांगला, लावणी वाईट

शाहिरी वाङ्मयाचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला तोच मुळी निवड करीत. एच. ए. अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पोवाडा हे इतिहासाचे साधन ठरले; त्यात पराक्रम होता. लावणीच्या वाट्यास मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीचा (१७९६–१८१८) विलास आला. पेशवाई बुडाली ती का, या प्रश्नाने त्या पिढीस ग्रासले होते आणि शृंगारिक लावणी हे त्या प्रश्नाचे सोयीचे उत्तर होते. राज्य गेले म्हणून लावणी आली नाही आणि लावणी आली म्हणून राज्य गेले नाही. तरीही कार्यकारणाचा हा धागा पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकून राहिला.

वस्तुतः एकच शाहीर पोवाडा रचीत असे आणि लावणीही रचीत असे. आध्यात्मिक, भेदिक आणि शृंगारिक या सर्व प्रकारच्या लावण्या एकाच फडावर गाइल्या जात. म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ (१९५६) या ग्रंथाने लावणीकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची शिस्त लावली, तोवर हा विषय नीतीच्याच दरबारात अडकून पडला होता.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. आज जाणते रसिक ज्यास ‘अस्सल’ तमाशा म्हणतात, म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि शेवटी रात्रभर चालणारा वग, तो आकृतिबंध पेशवाईतील नाही. ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो आणि त्याचा काळ १८६५ सांगितला जातो. तो उमाजी सावळजकर यांच्या फडावर आला. हे फडकरी मांग समाजातील होते. फडावर स्त्री उभी राहणे ही तर त्याहूनही अलीकडची गोष्ट. पूर्वी नाच्या पोऱ्या स्त्रीवेष घेई. पवळा ही ढोलकीच्या फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानली जाते. तिची जोडी पठ्ठे बापूराव यांच्याशी जमली. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण कुटुंबातील हा माणूस वतन सोडून फडात गेला आणि समाजाने त्यास वाळीत टाकले. त्यांच्या हयातीत ‘अधःपात’ या शब्दाचे याहून ठळक उदाहरण सुशिक्षित समाजास सापडले नसते. आज हेच नाव तमाशाच्या सुवर्णकाळाचे प्रतीक आहे. म्हणजे एका पिढीचा अधःपात दुसऱ्या पिढीचा सुवर्णकाळ झाला, आणि मधल्या काळात पठ्ठे बापूरावांच्या कवनांत एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता.

सन १९४७

स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. तमाशावर बंदी आली. कारण अश्लीलतेचे होते. कलावंतांच्या हालअपेष्टा आणि त्यांनी केलेली विनवणी यानंतर, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील तमाशा सुधारणा समितीच्या माध्यमातून, तमाशास पुन्हा परवानगी मिळाली. पण ती अटींसह. संहिता तपासून घ्यावयाची, दौलतजादा बंद, हावभाव आवरते. सुधारणा या शब्दातच ऱ्हास गृहीत धरलेला असतो. बिघडले नसेल तर सुधारावयाचे काय?

त्याच १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका. हा चित्रपट मराठी घराघरांत पोहोचला. एकाच वर्षी जिवंत फडास कुलूप आणि पडद्यावरील फडास टाळ्या, हा केवळ योगायोग नव्हे. पडद्यावरील लावणी भूतकाळातील होती, ती गाणारे कलावंत फडातील नव्हते आणि तिचा प्रेक्षक तिकीट काढून खुर्चीवर बसलेला होता. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे पूर्ण केले. पुढे १९७२ मध्ये ‘पिंजरा’ आला. ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटावर बेतलेली ती कथा एका आदर्श शिक्षकाच्या अधःपाताची आहे आणि त्या अधःपाताचे स्थळ आहे तमाशाचा फड. चित्रपटातील लावण्या मात्र इतक्या गाजल्या की पुढे गावोगावच्या फडांस त्या आपल्या कार्यक्रमात घ्याव्या लागल्या. प्रेक्षकच त्यांची फर्माईश करू लागले होते. मग समीक्षक म्हणू लागले, तमाशात चित्रपटगीते घुसली, तमाशा बिघडला!

बंदीला एक उत्तर तमाशाच्या आतूनही आले. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९), अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचा साचा घेतला, गणातील गणेशाच्या जागी मातृभूमी व श्रमिक यांचे वंदन आणले, गवळण वगळली आणि त्यास ‘लोकनाट्य’ हे नाव रुळले. त्यापूर्वी सत्यशोधक जलशांनी आणि १९३० च्या दशकातील आंबेडकरी जलशांनी हेच केले होते. ढोलकी तीच, चाल तीच, झील तीच, आशय उलटा. ऱ्हास आणि शुद्धता या दोनच खणांत विचार करणाऱ्या इतिहासास हे जलसे कोठे ठेवावेत हे कळत नाही, म्हणून तो त्यांना ‘प्रचार’ म्हणून बाजूस सारतो. संगीताच्या इतिहासात त्यांचा उल्लेख आजही अपवादानेच येतो.

प्रतिष्ठेचा प्रश्न

तमाशावरील प्रत्येक टीका ऱ्हासकल्पनेत मोडते असे मात्र समजू नये. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूराव यांनी देऊ केलेली रक्कम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, असे चळवळीच्या इतिहासात सांगितले जाते. महार स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको, हे त्यामागील कारण. या नकारात ‘पूर्वीचा तमाशा चांगला होता’ असा सूर कोठेही नाही. कोणताही सुवर्णकाळ त्यात नाही. आक्षेप कलेच्या घसरणीवर नसून, जातीने लादलेल्या कामावर व त्यात स्त्रीच्या होणाऱ्या विटंबनेवर आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी गावकीची हलकी मानलेली कामे सोडली. त्यात वाजविणे-नाचणेही होते. कलेच्या इतिहासकारास ही ‘परंपरेची हानी’ दिसते. ज्यांनी ती सोडली त्यांच्या दृष्टीने ती सुटका होती. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दुसरी नोंद न करता पहिली करणे हा अन्याय होय.

शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात लावणी कलावंत स्त्रियांवर केलेले लेखन आणि शैलजा पाईक यांचा तमाशातील दलित स्त्रियांवरील २०२२ चा ग्रंथ यांमुळे हा प्रश्न अभ्यासकांपुढे नीट आला. ‘अश्लील’ आणि ‘अस्सल’ हे दोन्ही शिक्के बाहेरून मारले जातात. ते कोण मारते, हे पाहावयास हवे, हा धडा या लेखनातून मिळतो. मात्र या अभ्यासांचा भर देह, जात व लैंगिकता यांवर अधिक आहे. प्रत्यक्ष वाजणाऱ्या-गाणाऱ्या संगीताकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. पुढील विवेचन त्या दिशेने आहे.

नारायणगाव : आवाज कसा बदलला

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे पुणे-नाशिक महामार्गावरील गाव ‘तमाशा पंढरी’ म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि शेजारच्या अहिल्यानगर, नाशिक जिल्ह्यांतून गावचे पंच येतात, तारखा पाहतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन सुपारी ठरवितात. टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी तमाशाचाही बाजार भरावा, यात विसंगती काहीच नाही. उन्हाळी यात्रांचा हंगाम आणि शेतीमालाचा पैसा यांचे नाते जुने आहे.

या गावाचे नाव गाजविले ते भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने आणि पुढे भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांनी. विठाबाईंचा १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव झाला. अखेरचे दिवस मात्र आर्थिक विवंचनेत गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, २००६ पासून, राज्य शासन त्यांच्या नावे तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रयोग चालू असता कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही कथा कलानिष्ठेची व सुवर्णकाळाची साक्ष म्हणून सांगितली जाते. अभ्यासकाने मात्र ती श्रमाच्या अटींची साक्ष म्हणूनही वाचावी. गरोदरपणाच्या अखेरच्या दिवसांतही ज्या व्यवसायात उभे राहावे लागते, त्याचा तो काळ कोणाच्या दृष्टीने सुवर्णाचा होता?

आता संगीताकडे. जुन्या ढोलकी फडाचा आवाज प्रामुख्याने चार गोष्टींवर उभा होता : ढोलकी, हलगी, तुणतुणे-झांज आणि झीलकरी. मुख्य गायकाने ओळ सोडली की झीलकरी ती उंच पट्टीत उचलून धरीत. या उंच पट्टीस पुष्कळदा कर्कश म्हटले गेले. परंतु ती अभिरुचीपेक्षा गरज अधिक होती, असे मला वाटते. मोकळ्या माळावर, हजारोंच्या गर्दीत, ध्वनिक्षेपकाविना शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवावयाचा तर दोन-तीन गळ्यांनी तो तारस्वरात उचलणे आवश्यकच होते. झील हे त्या काळचे ध्वनिवर्धनाचे साधन होते. ध्वनिक्षेपक आल्यावर ही गरज संपली. एकटा गळा पुरेसा झाला, मग तो मंद्र-मध्य सप्तकातही गाऊ लागला, नाजूक हरकती ऐकू येऊ लागल्या. म्हणजे ज्या यंत्राने झीलकऱ्याचे काम हिरावले त्याच यंत्राने गायिकेच्या आवाजास नवा अवकाश दिला. यास ऱ्हास म्हणावे की विकास? झीलकऱ्याच्या घरी विचारल्यास एक उत्तर मिळेल, गायिकेच्या घरी दुसरे.

पेटीचेही तसेच. हार्मोनियमने तुणतुण्याची जागा घेतली तेव्हा शुद्धतेचा प्रश्न फक्त तमाशात निघाला असे नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये या वाद्यावर बंदी घातली होती व ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नव्हती. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले; श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. त्या वेळी अभिरुचीच्या घसरणीचे लक्षण ठरविलेली ती गाणी आज जुन्या, अभिजात काळाची खूण म्हणून ऐकली जातात. की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि ड्रमसेट फडात आले तेव्हाच्या टीकेकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. हलगी मागे पडली हे खरे आहे आणि तिच्याबरोबर काही लयींचे ज्ञान मागे पडले हेही खरे आहे. ती हानी मान्य करूनही असे म्हणता येते की नवे वाद्य आले म्हणून संगीत खालावले, हा युक्तिवाद आजवर एकदाही काळाच्या कसोटीस उतरलेला नाही.

संगीतबारीची गोष्ट थोडी निराळी. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यातील चौफुला अशा ठिकाणी तबला-पेटीच्या साथीने चालणारी ही परंपरा ठुमरीच्या अधिक जवळची. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्या बैठकीच्या लावणीने विद्वानांनाही जिंकले व २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ढोलकी फडास असा विद्वन्मान्य दर्जा सहसा मिळाला नाही. बैठकीत ‘अदा’ असते आणि फडात ‘धांगडधिंगा’, हा भेद मानणारा रसिक शार्ङ्गदेवाचे मार्गी-देशीच नव्या शब्दांत सांगत असतो.

जे खरोखर हरवले

तर मग काहीच हरवले नाही काय? हरवले आहे, पण ते अभिरुचीच्या घसरणीमुळे नव्हे.

सर्वांत मोठी हानी वेळेची आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही मनाई कायम केली. राज्य शासनास वर्षातील मोजके दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. नियमामागील हेतू योग्यच आहे. वृद्ध, रुग्ण व विद्यार्थी यांना शांतता हवी. पण तमाशाची रचना रात्रीची. साधारण नऊ-दहाला गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. दहाला किंवा बाराला आवाज बंद झाला तर कापला जातो तो वगच. वग कापला गेला की सोंगाड्याची हजरजबाबी, खलनायकाची पल्लेदार भाषणे, प्रसंगानुरूप बांधलेली पदे हे सारे जाते. उरतात पहिल्या दोन-तीन तासांतील गाणी व नाच. मग पारावरील गृहस्थ म्हणतात, आताच्या तमाशात नाचगाण्याशिवाय काही नाही. त्यांचे निरीक्षण अचूक आहे, निदान चुकीचे. फडकऱ्यास वग नकोसा झालेला नाही. घड्याळाने तो त्याच्याकडून घेतला आहे.

सकाळच्या हजेरीत याची थोडी भरपाई होते. रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी ही या भागातील यात्रेची जुनी रीत. दिवसाउजेडी वेळेचा अडसर नसतो. पण उन्हाळ्याच्या तळपत्या सकाळी, रात्रीच्या जागरणानंतर, हजेरीत पूर्ण वग उभा करणे म्हणजे कलावंताच्या शरीराची परीक्षाच.

दुसरी हानी हंगामाची. मोठ्या तंबूच्या फडात शे-सव्वाशे माणसे असतात. कलावंत, वादक, तंबू उभारणारे, वाहनचालक, आचारी असा हा चालता गाव दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखात परततो. हंगामी फड त्याहून लहान असतो व यात्रांच्या सुपाऱ्यांवर जगतो. पावसाळ्यात दोघांनाही उत्पन्न नाही. म्हणून उचल घ्यावी लागते व ती पुढील हंगामात फेडावी लागते. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन यात्रा-हंगाम कोरोनाच्या टाळेबंदीत गेले. उचल फिटली नाही, तंबू पडून राहिले. काही कलावंतांनी मिळेल ती मजुरी धरली. एखादा ढोलकीवादक त्या दोन वर्षांत गवंड्याच्या हाताखाली गेला आणि परत आला नाही, तर त्याच्याबरोबर गेलेला हात कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. यासच ऱ्हास म्हणावयाचे असेल तर त्याचे कारण उसनवारीच्या वहीत आहे, प्रेक्षकाच्या अभिरुचीत नाही.

आश्रयाचे स्वरूपही बदलले आहे. डिंभे धरणाचे पाणी आले, ऊस व नगदी पिके आली, मंचरची बाजार समिती वाढली. गावाकडे पैसा पूर्वीपेक्षा अधिक आहे. यात्रेचा खर्चही वाढला आहे. पण त्या खर्चात आता बैलगाडा शर्यतीची बक्षिसे आहेत, कुस्त्यांचा आखाडा आहे, फटाके व रोषणाई आहे, ऑर्केस्ट्रा किंवा निव्वळ नृत्याचा कार्यक्रम आहे. शेवटच्या प्रकारास पाच-सहा नर्तिका आणि ध्वनिमुद्रित गाणी पुरतात. शे-सव्वाशे माणसांचे पोट ज्या रकमेत भरावयाचे तिची स्पर्धा अशा रकमेशी आहे. यात कलेचा कस लागत नाही, हिशेब लागतो.

या हिशेबाची साधने आजही गावोगाव आहेत. यात्रा कमिटीच्या जमाखर्चाच्या वह्या, सुपारीच्या पावत्या, जुनी छापील हस्तपत्रके ही बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर किंवा देवळाच्या पेटीत असतात आणि कमिटी बदलली की रद्दीत जातात. अवसरी खुर्द, अवसरी बुद्रुक, मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर अशा दहा-बारा गावांच्या पन्नास वर्षांच्या वह्या एकत्र पाहता आल्या तर कोणत्या वर्षी किती रुपयांस कोणता फड आला, रात्री किती व हजेऱ्या किती, वर्गणीतील तमाशाचा वाटा केव्हा घटला, हे सांगता येईल. महाविद्यालयातील इतिहास व मराठी विभागांचे पदवी-पदव्युत्तर विद्यार्थी बहुसंख्येने याच गावांतील आहेत. प्रकल्पलेखनासाठी हे काम त्यांच्या सहज आवाक्यातील आहे. एवढी दक्षता मात्र घ्यावी लागेल की सुपारीच्या पावतीवर फडमालकाचे नाव असते, रक्कम असते, यात्रेची तिथी असते. ढोलकीवाल्याचे, झीलकऱ्याचे आणि गवळणीत उभ्या राहिलेल्या मुलींचे नाव तीवर नसते. ते त्यांच्या वस्तीवर जाऊन, ती माणसे आहेत तोवर, विचारून लिहून घ्यावे लागेल.